टीपॉय सजवला की पंधरा दिवसांत पुन्हा तेच: गोव्यातल्या हॉलसाठी निदान आणि उपाय

हॉलमधला टीपॉय हौसेने मांडायचा, आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक करायचं, आणि पंधराव्या दिवशी पाहावं तर त्यावर रिमोट, वर्तमानपत्रं, औषधाच्या पट्ट्या, चष्मा आणि कपाचे पांढरे गोल डाग. जून लागला की त्यात बुरशीची भर. फोंड्यात, म्हापशात, डिचोलीत, जिथे जिथे या विषयावर बोलणं निघालं तिथे तक्रार हीच ऐकली, आणि तिच्या शेवटी बहुतेकदा एक वाक्य येतं: ‘मला सजावटीतलं काही कळत नाही.’ मला ते पटत नाही. ज्या घरात चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी इतकी देखणी बांधली जाते, त्या घराला मांडणीची दृष्टी नाही असं कसं म्हणायचं?

चुकतं ते दुसरीकडे. मासिकांत आणि मोबाइलवर आपण जे टीपॉय पाहतो, ते कोरड्या हवेतले असतात आणि त्या दिवशी तिथे कुणी चहा प्यालेलं नसतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या महिन्यांत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८५ ते ९० टक्क्यांवर असते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की इथे एकच मांडणी बारा महिने टिकत नाही. दोन हव्यात: एक उघडिपीची, एक पावसाची. हे एकदा मान्य केलं की पुढच्या बऱ्याच अडचणी सुटायला लागतात.

पसारा परत येतो तेव्हा

सजावट पुन्हा करायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा, टीपॉयवर आपोआप काय येऊन पडतं. काही हलवू नका, कुणाला रागवू नका. जे रोज येतं ते येणारच, कारण त्या वस्तूंचा उपयोग सोफ्यावर बसूनच होतो. त्यांना जागा न देता मधोमध फुलदाणी, पुस्तकं आणि मूर्ती मांडली की रोजच्या वस्तू उरलेल्या फटींत घुसतात आणि सगळंच अडगळीसारखं दिसतं.

टीपॉयचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग रिकामा ठेवा. तो चहाच्या ट्रेसाठी, वहीसाठी, पाहुण्याच्या हातातल्या बशीसाठी आहे. उरलेल्या भागात एक काठाचा ट्रे ठेवा आणि शोभेचं जे काही असेल ते त्या काठाच्या आत. पुसताना ट्रे एकदम उचलता येतो, त्यामुळे रोज पुसणं होतं. सुट्या सुट्या सात वस्तू उचलून पुसण्याचं काम कुठल्याच घरात आठवडाभरही टिकत नाही. रिमोट, चष्मा आणि चार्जर यांच्यासाठी झाकणाचा एक डबा पुरतो. कुंकळ्ळीचं लाखकाम केलेलं लाकडी खोकं मिळालं तर त्या रंगांनी टीपॉय उजळतो, फक्त त्यावर गरम कप टेकवू नका, लाख उष्णतेने मऊ पडते. वर्तमानपत्रांना टीपॉयवर जागाच नको. सोफ्याच्या कडेला जमिनीवर बांबूची टोपली ठेवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा टोपल्या सहज मिळतात.

तरीही कप जमिनीवर किंवा सोफ्याच्या हातावर ठेवले जात असतील तर मापं तपासा. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा तिच्याहून एक-दोन इंच कमी असावी. सोफा आणि टीपॉय यांच्यात १४ ते १८ इंच अंतर असावं. त्याहून जास्त असेल तर प्रत्येक घोटाला वाकावं लागतं, कमी असेल तर गुडघे आपटतात. लांबी सोफ्याच्या साधारण दोन तृतीयांश. जुन्या घरातला भारी शिसवी टीपॉय फ्लॅटच्या हॉलमध्ये आणला की नेमकी हीच मापं बिघडतात. तो कितीही सुंदर असला तरी मग त्याला खिडकीखाली किंवा भिंतीशी जागा द्यावी आणि सोफ्यासमोर लहान, हलका टीपॉय घ्यावा. हलका असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे चवथीला गणपतीसाठी हॉल मोकळा करायचा तेव्हा तो एकट्याला उचलता येतो.

वस्तू किती, याचं उत्तर सोपं आहे: ट्रेमध्ये तीन. एक उंच, एक मध्यम, एक बसकी. उंच वस्तू फुटभराच्या आत ठेवा, नाहीतर समोरासमोर बसलेल्यांना मान वाकडी करून बोलावं लागतं. तिघींपैकी एक तरी हिरवी असू दे.

पंख्याखालचा टीपॉय

आपल्या बहुतेक हॉलमध्ये पंखा छताच्या मधोमध असतो आणि टीपॉय बरोबर त्याच्याखाली. म्हणून फुलं लवकर माना टाकतात, कागद उडतात, समई-पणती विझते आणि हलक्या फुलदाण्या कलंडतात. इथे बुडाशी जड असलेलीच भांडी ठेवा. पसरट पितळी भांड्यात पाणी घालून चाफ्याची चार फुलं सोडली तर ती वाऱ्याला दाद देत नाहीत. मात्र संध्याकाळी त्यांच्या कडा तपकिरी होतात, तेव्हा ती काढायचीच. क्रोटनची किंवा मनी प्लांटची पानं आठवडाभर सहज राहतात. माझ्या मते रोजच्या टीपॉयला फुलांपेक्षा पानं जास्त शोभतात.

पांढरा डाग आणि काळा डाग

हे दोन वेगळे आजार आहेत. दोघांना एकच औषध लावलं की टीपॉय खराब होतो.

पांढरट, धुरकट गोल म्हणजे ओल पॉलिशच्या थरात अडकली आहे, लाकडापर्यंत पोचलेली नाही. गरम कप किंवा घाम सुटलेला थंड ग्लास हे कारण. आधी काहीच न करता दोन दिवस पंख्याखाली राहू द्या. पुष्कळ डाग एवढ्यानेच फिके होतात. उरला तर हेअर ड्रायर अगदी मंद ठेवून, हातभर अंतरावरून थोडा थोडा वेळ फिरवा आणि सारखं बोट लावून बघा. पृष्ठभाग कोमट व्हावा, गरम नको. दुसरा मार्ग म्हणजे डागावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर रात्रभर ठेवून सकाळी पुसून घेणं. टूथपेस्ट चोळायचा सल्ला सगळीकडे दिला जातो, तो मी कधीच देणार नाही. तिच्यातले बारीक कण डागाबरोबर चकाकीही खरवडून काढतात, आणि पांढऱ्या गोलाच्या जागी कायमचा मंद ठिपका राहतो.

काळा किंवा निळसर काळा डाग म्हणजे पाणी लाकडात उतरलं. लाकडातलं टॅनिन आणि पाण्यातलं किंवा भांड्यातलं लोखंड यांचा संयोग झाला की हा रंग येतो. तो वरून पुसून जात नाही. पॉलिश काढून, ऑक्झॅलिक आम्लाने उजळवून, धुऊन, पूर्ण वाळवून पुन्हा पॉलिश करावं लागतं. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, म्हणून हे काम जाणत्या मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, द्या.

तुमच्या टीपॉयला कुठलं पॉलिश आहे हे माहीत असलं की निम्मं काम झालं. खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाका. काही सेकंदांत ती जागा चिकट झाली तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. जुन्या घरांतल्या फर्निचरवर बहुधा हेच असतं. दिसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण पाणी, उष्णता आणि स्पिरिट तिन्ही त्याला सोसत नाहीत. अशा टीपॉयवर हँड सॅनिटायझरची बाटली ठेवू नका, तिचा एक ओघळ पुरतो. पॉलियुरेथेनच्या थरावर स्पिरिटचा परिणाम होत नाही, आणि रोजच्या वापराच्या टीपॉयला तेच सोयीचं.

कपाखाली ठेवायला मला सर्वांत आवडतात ते आझुलेजोच्या, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या, घाटाचे लहान निळे-पांढरे टाइल्स. चकचकीत लेपामुळे पाणी आत जात नाही, गरम कपाची धग खाली कमी उतरते, आणि पणजीच्या भिंतींवरची ती निळाई घरात येते. खाली कॉर्क मात्र चिकटवा, नाहीतर टाइलच्या कडेने पॉलिशवर ओरखडे उठतात.

बुरशी: पुसली तरी परत का येते

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा, कारण इथे बहुतेक घरं परिणामाशी झगडतात आणि कारण तसंच राहतं.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली आणि खायला धूळ, कापड, कागद, पुस्तकाची खळ, वेत किंवा कच्चं लाकूड मिळालं की ते रुजतात. कापडाने पुसल्यावर वरचं पांढरं जातं, ओल मात्र राहते, म्हणून आठ दिवसांत ते परत. साधा डिजिटल आर्द्रतामापक फार महाग नसतो. तो टीपॉयच्या खालच्या फळीवर ठेवा, वर नको. खालचा आकडा पाहून तुमच्या हॉलची खरी परिस्थिती कळेल.

मग ओल कुठून येते ते शोधा. सगळीच काही पावसातून येत नाही. पावसाळ्यात आपण धुतलेले कपडे हॉलमध्ये स्टँडवर वाळत घालतो, खिडक्या बंद, पंखा चालू. एका मशीनभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी त्याच हवेत जातं आणि जवळच्या सोफ्यात, पुस्तकांत, टीपॉयच्या खालच्या बाजूला मुरतं. कपडे वेगळ्या खोलीत, दार लावून आणि खिडकी किंचित उघडी ठेवून वाळवा. एवढा एक बदल बाकी सगळ्या उपायांपेक्षा जास्त काम करतो. हॉलला एसी असेल तर ड्राय मोड रोज थोडा वेळ चालवा. पण एसी बंद करून लगेच खिडक्या उघडल्या की काचेच्या थंड टीपॉयवर दव धरतं आणि काचेखालचं लाकूड ओलं राहतं, त्यामुळे थोडं थांबून उघडा.

आता टीपॉय उलटा करून बघा. सुतार वरची बाजू आरशासारखी करतो आणि खालची कोरीच सोडतो. कोरं लाकूड ओल पितं, पॉलिश केलेलं पीत नाही, म्हणून फळी एका बाजूने फुगते आणि वाकते, आणि बुरशीही तिथेच धरते. खालची बाजू, आडव्या पट्ट्या आणि पायांची टोकं यांनाही थर द्यायला सांगा. पायाखाली नमद्याच्या (फेल्टच्या) चकत्या लावू नका, त्या फरशी पुसताना पाणी धरून ठेवतात. नायलॉनच्या चकत्या बऱ्या.

लाकडावरची बुरशी काढताना कोरडी झटकू नका, बीजाणू खोलीभर पसरतात. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा, मग पंखा. पुन्हा पुन्हा येत असेल तर पाण्यात पांढरं व्हिनेगर मिसळून, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन. शेवटी पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात.

पुस्तकांची गोष्ट वेगळी. मोठ्या चित्रांची गुळगुळीत पुस्तकं टीपॉयवर एकावर एक ठेवतात, आणि जुलैत सर्वांत खालच्या पुस्तकाला बुरशी धरते, कारण त्याच्याखाली हवा खेळत नाही. ओल जास्त झाली तर ती गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेलं की फाटतात. जूनच्या सुरुवातीला सगळा ढीग उचलून हॉलच्या उघड्या फळीवर उभा, थोडा विरळ लावा. बंद कपाटात कोंबू नका. टीपॉयवर हवंच असेल तर एकच पुस्तक, तेही दोन पट्ट्यांवर किंचित उचलून. बुरशी लागलेलं पुस्तक आधी सावलीत वाऱ्यावर वाळवा, कडक उन्हात नको, बांधणी वाकते. वाळल्यावर घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओलं असताना पुसलं तर डाग कागदात उतरतो.

कापडी रनरही जूनमध्ये काढून ठेवा. कुणबी साडीच्या लाल चौकटींचा रनर गडद लाकडावर इतका उठून दिसतो की तो काढवत नाही, हे मला समजतं. पण कापडाखाली दमट हवा कोंडते आणि त्याच जागी पॉलिश पांढुरकं होतं. ऑक्टोबरात परत घालताना पांढरं ओलं फडकं त्यावर दाबून बघा. रंग लागला तर आधी वेगळं धुवा.

म्हणजे पावसाळ्याची मांडणी अशी होते: काच, चिनी माती, दगड, पितळ आणि ताजी पानं. कापड, कागद, वेत आणि सुकी फुलं ऑक्टोबरपर्यंत विश्रांतीला. टीपॉय उघडा दिसेल अशी भीती असते, पण बाहेर सगळं हिरवं झालेलं असताना मोकळं गडद लाकूड आणि त्यावर पानांचं एक भांडं फार शांत दिसतं.

पितळ, माती, शिंपले

पितळेवर हिरवं येतं ते ओल आणि समुद्राकडून येणारा खारटपणा यांनी, म्हणून बार्देश-सासष्टीच्या किनाऱ्याजवळ ते लवकर येतं. चिंचेचा कोळ किंवा सोलं (आमसुलं) चोळा, साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. आंबट अंश राहिला तर पितळ आणखी लवकर काळवंडतं. मग मेणाचा हात. तेल लावलं तर धूळ चिकटते.

डिचोलीची मातीची भांडी मला फार प्रिय आहेत, पण बिनलेपाची माती पाझरते. आत काचेचा ग्लास बसवून पाणी त्यात घाला, नाहीतर काळा डाग ठरलेला.

किनाऱ्यावरून आणलेले शिंपले पावसाळ्यात घाम आल्यासारखे ओले होतात, कारण त्यांत मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस, पाणी बदलत भिजवा, मग वाळवा. प्रवाळाचे तुकडे मात्र आणूच नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत.

फुलदाणीतलं पाणी

मनी प्लांटची बाटली महिनोन् महिने तशीच ठेवायची सवय मोडा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या अशाच साठलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक वार ठरवून पाणी ओता आणि भांड्याची आतली बाजू घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

चवथीआधीचं पॉलिश

हे दरवर्षी होतं, म्हणून मुद्दाम लिहिते. चवथ येते तसं घर रंगवायचं, टीपॉयला पॉलिश करायचं, आणि ते ऐन पावसात. फ्रेंच पॉलिशमधलं स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ होतं. लॅकरचंही तसंच. दोष कारागिराचा नसतो, दिवसाचा असतो. पॉलिश एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या, किंवा चवथीला नुसता मेणाचा हात देऊन दिवाळीनंतर करा. घाईच असेल तर सलग उघडीप पाहून, सकाळी ऊन तापल्यावर.

त्याच वेळी पायांजवळ पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर लाकूड किड्याने पोखरलं आहे. वरून पॉलिश करून तो थांबत नाही. आधी पॉलिश काढून बोरेटचं औषध लाकडात मुरवायचं, मगच पुढचं काम.

आणि कडा फुगलेल्या, लॅमिनेट उचललेल्या पार्टिकल बोर्डच्या टीपॉयवर पैसे घालू नका. तो भुसा एकदा फुगला की परत बसत नाही. नवा करून घेताना आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय मागा, शिक्का स्वतः पाहा, आणि खालच्या बाजूसकट सगळ्या कापलेल्या कडा तुमच्या देखत बंद करून घ्या.